बारीक नळीची वाट

एकदा एका आटलेल्या तलावात गाळ उपसणारे एक पोकलेन पुन्हापुन्हा तेल गाळू लागले, आणि त्या तेलापायी एका माणसाची रोजीरोटी जायची वेळ आली. गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची आहे. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली त्यांतले आता थोडेच उरले आहेत. पण जे उरले आहेत ते अजूनही कधीमधी ती काढतात, आणि सांगता सांगता त्यांचा आवाज आपोआप हळू होतो.

त्या काळी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाबाहेर, रस्ता खडी क्रशरकडे वळतो त्या वळणावर, गुंडाप्पा पांचाळ यांचे पत्र्याचे वर्कशॉप होते. लहानथोर सगळे त्यांना आप्पा म्हणत. आप्पांच्या वाडवडिलांनी बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवल्या होत्या, नांगराच्या फाळांना धार लावली होती. आप्पांच्या तरुणपणी धरणाच्या आणि कालव्याच्या कामांवर मोठाली यंत्रे आली, तेव्हा ते घरचा भाता सोडून त्या यंत्रांमागे गेले. परतले ते तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक मोटरींचे वैद्य होऊन.

त्या वर्कशॉपचे दिवसच निराळे होते. बिघाडाचा फोटो काढून पाठवून द्यावा, अशी सोय तेव्हा नव्हती. मशीनचा मालक स्वतः यायचा, आडव्या टाकलेल्या टायरवर बसायचा आणि घरातल्या आजारी माणसाविषयी सांगावे तसे सांगायचा : कधीपासून होते आहे, तापल्यावर होते की थंड असताना, आवाज कसा येतो. आप्पा मध्ये बोलत नसत. डिझेल, तापलेले तेल आणि गुळाचा चहा यांचा मिळून एक वास त्या पत्र्याखाली कायमचा मुरलेला होता. पुढे आयुष्यात तो वास कुठेही आला की रंगनाथ क्षणभर जागीच थबकत असे.

हा रंगनाथ आप्पांचा शिष्य. आला तेव्हा त्याला ट्यूबचे पंक्चर काढण्यापलीकडे काही येत नव्हते. गोष्ट घडली तेव्हा तो लेकुरवाळा, घरदार सांभाळणारा कारागीर झाला होता, आणि आप्पांचे हात कापू लागल्यापासून बारीक काम सगळे तोच करत होता. मोटरीचे झिजलेले सील बदलणे हे त्याचे हातखंडा काम. सील म्हणजे मोटरीच्या फिरणाऱ्या पोलादी दांड्याभोवती, शाफ्टभोवती, बसणारे रबराचे कडे; ते शाफ्टला ओठांनी धरून ठेवते आणि आतले तेल आतच राखते. जुने काढले, नवे ठोकले, असे त्या वर्कशॉपमध्ये कधी होत नसे. जुने कडे निघाले की आप्पा म्हणत, "आधी नख फिरव." रंगनाथ डोळे मिटून शाफ्टवरून नख फिरवी. रबर केवढे मऊ आणि पोलाद केवढे कठीण! पण वर्षानुवर्षांची धूळ मध्ये सापडली की ते मऊ रबरही पोलादावर चरा पाडते. त्या चऱ्यावरच नवे सील बसले तर ते पहिल्या दिवसापासून गळणार. म्हणून ते केसभर खाली उतरवायचे, ओठांना ग्रीस लावायचे आणि लाकडी ठोकळा ठेवून चहूबाजूंनी सारखे बसवायचे. रंगनाथने हे इतक्या वेळा केले होते की त्याच्या हातचे सील गळले, असे कुणी म्हणू शकत नव्हते.

आणि तेच झाले.

आसपासच्या तीन गावांचा मिळून एक जुना तलाव होता. पिढ्यानपिढ्यांच्या गाळाने तो एवढा भरला होता की पाऊस चांगला झाला तरी दिवाळीनंतर त्यात नुसता चिखल उरे, आणि बायका कोसभरावरच्या विहिरीची वाट धरीत. त्या उन्हाळ्यात तिन्ही गावांनी एकमताने गाळ काढायचे ठरवले. बिराजदार नावाच्या कंत्राटदाराचे पोकलेन आले. लोक ट्रॅक्टर घेऊन येत, गाळ भरून शेतांत नेत. तलावाचा तळ जसजसा खोल जाऊ लागला, तसतशी म्हातारी माणसेही काठावर येऊन बसू लागली. आपल्या लहानपणी पाणी कुठपर्यंत असे, ते हाताने दाखवू लागली.

पोकलेन चालवणारा होता धनसिंग राठोड, दूरच्या एका तांड्यावरचा. चाळिशी ओलांडलेला, सडपातळ, फारसा न बोलणारा. तो आणि त्याची बायको जमनी तलावाच्या काठावरच ताडपत्रीखाली राहत. सकाळी सगळ्यांच्या आधी त्याचे इंजिन सुरू होई आणि सगळ्यांच्या नंतर बंद होई.

काम रंगात आले असताना मशीनचा वरचा सगळा डोलारा गरगर फिरवणारी जी मोटर असते, तिच्या बुडाशी तेल दिसू लागले. रंगनाथला बोलावणे गेले. त्याने मोटर उघडली. सील झिजले होते यात शंका नव्हती. त्याने शिस्तीत नवे बसवले आणि तो परतला. थोडे दिवस गेले नाहीत तोच पुन्हा तेल. या खेपेला रंगनाथने सीलच्या मालाला दोष दिला, शहरातून उत्तम प्रतीचे मागवले, ते बसवले. तेही गेले. तिसऱ्यांदा तो तलावावर आला तेव्हा बिराजदार स्वतः कमरेवर हात ठेवून उभे होते. ट्रॅक्टर रांगेत थांबले होते. पश्चिमेला दुपारचे ढग जमू लागले होते, आणि काठावरची म्हातारी माणसे तिकडे बघत बसली होती.

"रंगनाथ, आता काय म्हणायचं?" बिराजदारांनी विचारले.

रंगनाथच्या नाकावर घाम आला. "मालक, सील चांगलं आहे. बसवण्यातही खोट नाही," तो म्हणाला. "मग राहिला तो हात. फिरवताना झटके बसत असतील. जोरात फिरवून गचकन थांबवलं की सील टिकत नाही."

तो सहज बोलून गेला. आपल्यावरचे किटाळ दूर व्हावे, एवढेच त्याच्या मनात होते. पण त्या भागात कारागिराच्या शब्दाला वजन होते. बिराजदार केबिनकडे वळले. "ऐकलंस धनसिंग? माझ्या मशीनचा जीव घेतोयस तू. आठवडी बाजार झाला की तुझं तू बघ. मी दुसरा माणूस आणतो."

धनसिंग खाली उतरला होता. त्याने एकदा रंगनाथकडे पाहिले. मग "बरं, मालक," एवढेच म्हणाला. मशीनचा जीव घेणारा ऑपरेटर अशी एकदा ख्याती झाली की त्या मुलखात त्याला कुणी दारात उभे करत नाही, हे त्याला ठाऊक होते, रंगनाथलाही ठाऊक होते.

संध्याकाळी वर्कशॉपवर हात धुताना रंगनाथने हकिकत सांगितली. आप्पा बाजेवर बसून चहा पीत होते.

"हाताचा दोष म्हणालास?" त्यांनी विचारले.

"दुसरं काही राहिलंच नाही, आप्पा."

"तू त्याला काम करताना बघितलंस?"

रंगनाथ साबण चोळत राहिला. "तेल बघितलं ना," तो म्हणाला.

आप्पांनी कप खाली ठेवला. "सकाळी मला घेऊन चल."

सकाळी मोटरसायकलवर मागे बसून आप्पा तलावावर पोहोचले. बिराजदारांनी त्यांच्यासाठी खुर्ची मागवली. पण आप्पा मशीनकडे गेलेच नाहीत. ते सरळ तलावाच्या तळात उतरले आणि काठी टेकत मध्यभागी चालू लागले. तिथे खणलेल्या जागेत मातीचा एक उंचवटा तसाच सोडलेला होता, जेवढ्यास तेवढा, भोवतीने कापून काढल्यासारखा. आप्पा जवळ गेले तशी एक टिटवी ओरडत उठली आणि त्यांच्या डोक्यावरून घिरट्या घालू लागली. उंचवट्यावर, उघड्या मातीतच, तिची ठिपक्याठिपक्यांची अंडी होती. पोकलेनच्या माती उचलणाऱ्या बकेटचे दात त्या उंचवट्याच्या चारी अंगांना, वीतभर अंतरावरून, एकसारखे फिरून गेले होते. मातीचे ढेकूळसुद्धा आत पडले नव्हते. आप्पांनी ते बराच वेळ पाहिले आणि मागे फिरले.

मशीनपाशी येऊन त्यांनी रंगनाथला मोटरीचे बूड फडक्याने कोरडे करायला लावले. रंगनाथने नवे सील खिशातून काढले. आप्पांनी ते त्याला परत खिशात ठेवायला सांगितले.

"जुनंच राहू दे. एक बादली आण."

मग त्यांनी जे केले ते पाहून सगळेच चकित झाले. मोटरीपासून मागच्या तेलाच्या टाकीकडे एक बारीक नळी जाते. मशीनवरच्या मनगटाएवढ्या जाड नळ्यांमध्ये ती कुणाच्या लक्षातही येत नाही. आप्पांनी त्या नळीचे टाकीकडचे टोक सोडवले आणि बादलीत सोडले. "धनसिंग, चालू कर," ते म्हणाले. "आणि रोज फिरवतोस तसंच फिरव. मालक उभे आहेत म्हणून जपून नको."

इंजिन धडधडले. डोलारा फिरू लागला. नळीच्या तोंडातून करंगळीएवढी तेलाची धार बादलीत पडू लागली.

बिराजदार पुढे धावले. "आप्पा! गळती थांबवायला आणलं तुम्हाला, का वाढवायला?"

आप्पांनी हातानेच त्यांना थांबवले. धनसिंग डोलारा फिरवत होता, मातीने भरलेली बकेट उचलत होता, ट्रॅक्टरवर रिकामी करत होता. रंगनाथ आधी बादलीकडे बघत होता. मग हळूहळू त्याचे लक्ष मोटरीच्या बुडाकडे गेले. काल जिथून तेल ओघळत होते तिथे नुसती ओलसर रेघ होती. झिजलेले, फाटायला आलेले ते सील चक्क तेल धरून बसले होते. तो वाकला, त्याने बोट लावून पाहिले, पुन्हा लावून पाहिले.

"बंद कर," आप्पा म्हणाले. मग त्यांनी टाकीच्या डोक्यावरच्या ज्या तोटीला ती नळी जोडलेली असते, तिच्यात वाकवलेली तार घातली आणि हळूहळू ओढली. तेलाने काळा झालेला, घट्ट पिळवटलेला कापडाचा बोळा बाहेर आला.

मग बिराजदार लाल होत म्हणाले, "हे कुणाचं काम?"

आप्पांनी तो बोळा शेजारीच पेटलेल्या जमनीच्या चुलीत टाकूनही दिला होता. "हंगामाच्या सुरुवातीला टाकी धुतली असेल ना, मालक? तेव्हा पुष्कळ हात असतात. आत धूळ जाऊ नये म्हणून कुणीतरी भल्या बुद्धीनं बोळा कोंबला आणि काढायचा राहिला. कुणी, ते शोधून तलाव काही खोल होणार नाही."

मग ते पोकलेनच्या पट्ट्यावर टेकले आणि रंगनाथला जवळ बोलावून म्हणाले, "रंगा, मोटर आतून थोडी गळतेच. गळायलाच हवी. त्या झिरपण्यानंच तिचे आतले भाग तेलात राहतात, घासून जळत नाहीत. ज्यानं ती बनवली त्याला हे माहीत होतं. म्हणून त्यानं त्या झिरपलेल्या तेलाला घरी परतायला एक बारीक वाट ठेवली. ती वाट बुजली, तर तेलानं जायचं कुठं? आत दाब चढत जातो, आणि शेवटी जे अंग सगळ्यांत मऊ असेल त्याला फोडून तो बाहेर पडतो. मोटरीचं सगळ्यांत मऊ अंग म्हणजे सील. तेल तिथं दिसतं, म्हणून आपण सीलच बदलत बसतो."

वर टिटवी अजून ओरडत होती.

"आणि सील बदलूनही भागलं नाही, तेव्हा तुम्ही दुसरं मऊ अंग शोधलंत. इथं तुम्हा सगळ्यांत उलटून न बोलणारा कोण, तर धनसिंग. मालकांना गावांची घाई, गावांना पावसाचा धसका, तुला तुझ्या नावाची काळजी. तो सगळा दाब त्याच्यावर फुटला. अंड्यांच्या कडेनं ज्याची बकेट अशी वळते, त्याच्या हाताला झटका असेल का रे?"

रंगनाथने मान खाली घातली. त्या उंचवट्याजवळून तो स्वतः तीनदा गेला होता. मातीचा ढीग दिसतो तसा त्याला तो दिसला होता, इतकेच.

धनसिंग केबिनमधून उतरून मशीनच्या सावलीत उभा होता. त्याच्याकडे कुणी पाहत नाही असे वाटून त्याने बाहीने तोंड पुसले. "आप्पा," तो म्हणाला, "मला तर वाटाया लागलं व्हतं, माझाच हात वाईट हाय. कालपासनं लिव्हर धरायचंबी भ्या वाटत व्हतं."

हे ऐकून बिराजदारांचाही चेहरा उतरला. ते मोठ्या आवाजाचे गृहस्थ होते, पण वाईट नव्हते. त्यांनी धनसिंगच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटले, आणि आठवडी बाजाराचा विषय पुन्हा काढला नाही.

रंगनाथ "धनसिंगभाऊ..." म्हणून पुढे झाला. धनसिंगने खाली पडलेला पाना उचलून त्याच्या हातात दिला. "सील घालायचं ना? चला. मी मोटर धरतो."

दोघांनी मिळून मोटर उतरवली. रंगनाथने शाफ्टवर नख फिरवले, मग धनसिंगचा हात धरून त्यालाही फिरवायला लावले. नवे सील केसभर खाली उतरले आणि जागेवर बसले. बारीक नळी स्वच्छ करून टाकीला जोडली गेली. दुपारच्या आत इंजिन पुन्हा धडधडू लागले, आणि थांबलेले ट्रॅक्टर पुढे सरकले. गाळ वेळेत निघाला. त्या हंगामात त्या मोटरीने तेलाचा थेंबही टाकला नाही.

परतताना, मोटरसायकलवर मागे बसलेल्या आप्पांना रंगनाथने विचारले, "आप्पा, मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच का नाही आलात?"

"पहिल्यांदा मलाही सीलच वाटलं," आप्पा म्हणाले. "सील गळत होतं हे खोटं नव्हतंच. पण नवं बसवूनही तेच होतंय म्हणालास, तेव्हा मनात पाल चुकचुकली. आणि तू माणसाचं नाव घेतलंस, तेव्हा बसवेना. वस्तू बदलून भागत नाही म्हणून आपण माणूस बदलायला निघालो, की समजावं, आपण कुठंतरी बघायचं टाळतोय."

आप्पांना वर्कशॉपवर सोडून रंगनाथ घरी गेला.

रंगनाथच्या घरी त्याचे वडील होते. सगळे त्यांना बापू म्हणत. त्याची आई गेल्यावर रंगनाथने त्यांना गावाकडून तालुक्याला आणले होते. आल्यापासून त्यांचे आणि घराचे पटत नव्हते. रोज जेवताना ते भांडण काढत. कधी वरणात मीठ कमी, कधी भाकरी करपलेली, कधी ताट नीट घासलेले नाही. रंगनाथच्या बायकोने, कलावतीने, मीठ वाढवून पाहिले, कमी करून पाहिले, त्यांच्यासाठी निराळी भाजी करून पाहिली. आताशा ती त्यांना वाढताना तोंड फिरवून घेई, आणि रंगनाथ तिच्यावर नाहीतर बापूंवर खेकसून जेवण उरकी.

त्या संध्याकाळी बापूंनी पहिल्याच घासाला ताट सरकवले. "काय हे वरण!"

कलावती चुलीपाशीच थिजली. रंगनाथच्या तोंडावर नेहमीचे शब्द आले होते. पण तो उठला आणि आपले पान घेऊन बापूंच्या शेजारी, भिंतीला टेकून बसला.

"बापू," त्याने विचारले, "गावाकडं या वेळेला काय चाललेलं असतं?"

बापूंनी संशयाने त्याच्याकडे पाहिले. "कशाला इचारतो?"

"असंच."

बापूंनी दाराकडे पाहिले. मग म्हणाले, "या वक्ताला पिराजी यायचा. दारातूनच वरडायचा, म्हादबा, हायेस का मेलास?" त्यांना हसू आले, आणि लगेच मावळले. "इथं बापू म्हणतेत, आजोबा म्हणतेत. चांगलंच हाय. पर म्हादबा म्हणून हाक मारणारं कुणी न्हाई. कधी कधी वाटतं, म्हादबा गावाकडंच ऱ्हायला, आन् ह्ये दुसरंच कुणीतरी हितं येऊन जेवतंय."

येत्या सुट्टीला आपण दोघे गावाकडे जाऊ आणि पिराजीकाकांना भेटून येऊ, हे रंगनाथने नंतर सांगितले. त्या वेळी तो फक्त बसून राहिला. बापू बोलत होते : खळ्याबद्दल, बैलांबद्दल, रंगनाथच्या आईने लावलेल्या शेवग्याबद्दल. कलावतीही केव्हातरी पदराला हात पुसत येऊन उंबऱ्यावर बसली होती. बोलता बोलताच बापूंनी ताट पुन्हा जवळ ओढले, भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि खाल्ला. मिठाचे नाव कुणी काढले नाही.